धागा: टाइपवरून पदाच्या पायऱ्या मोजता येतात का? लॅम्डा कॅल्क्युलस आणि मोजणारे छेद-टाइप

कुशावती:

नमस्कार मंडळी. फोंड्याला आम्ही चार जण दर रविवारी सकाळी जमून लॅम्डा कॅल्क्युलस वाचतो. गेल्या दोन बैठका एकाच प्रश्नावर गेल्या. जे समजले ते मराठीत नीट मांडावे आणि जाणकारांकडून तपासून घ्यावे, म्हणून हा धागा काढला आहे.

प्रश्न असा. प्रोग्रॅमिंग शिकताना टाइपची ओळख आपल्याला राखणदार म्हणून होते. आकड्याला अक्षरांची माळ जोडू पाहिली की तो अडवतो, आणि त्याचे काम प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच संपते. मग प्रोग्रॅम चालताना काय घडेल, तो थांबेल का, थांबला तर किती पायऱ्यांनी थांबेल, हे टाइपवरून कळावे अशी अपेक्षा तरी कशी ठेवायची?

अलोन्झो चर्च यांच्या लॅम्डा कॅल्क्युलसमध्ये पद तीनच रीतींनी बनते. एक तर ते चल असते, किंवा ‘लॅम्डा क्ष. प’ असे फंक्शन असते, किंवा एक पद दुसऱ्या पदाला लावलेले असते. चालवण्याची पायरीही एकच आहे: ‘(लॅम्डा क्ष. प) उ’ दिसले की प मधल्या प्रत्येक क्ष च्या जागी उ ठेवायचा. एखादे पद शेवटी थांबेल की नाही हे ठरवणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे चर्च यांनी १९३६ मध्ये सिद्ध केले. १९४० मध्ये त्यांनीच साध्या टाइपची पद्धती दिली, आणि तिच्यात टाइप मिळालेले प्रत्येक पद थांबतेच. मात्र त्या हमीसाठी मोजावी लागणारी किंमत मोठी आहे. ‘लॅम्डा क्ष. क्ष क्ष’ हे पद घ्या, त्याला मी पुढे ‘जोड’ म्हणेन. यात पहिला क्ष फंक्शन म्हणून वापरला आहे आणि दुसरा त्याच फंक्शनला दिलेली वस्तू म्हणून. साध्या पद्धतीत एका चलाला एकच टाइप मिळतो, त्यामुळे ‘जोड’ ला टाइपच मिळत नाही. दुसरीकडे ‘लॅम्डा य. य’ या पदाला ‘तेच’ म्हटले, तर ‘जोड तेच’ हे पद दोन पायऱ्यांत शांतपणे ‘तेच’ वर येऊन थांबते. थांबणाऱ्या पदालाही साधी पद्धती दारातूनच परत पाठवते.

यावरचा उपाय १९७० च्या दशकाच्या अखेरीस इटलीतल्या तोरिनो येथे मारिओ कोप्पो आणि मारियांजोला देझानी-चांकाल्यिनी यांनी मांडला. एका चलाला एकाच वेळी अनेक टाइप असू द्यायचे, आणि त्या सर्वांचा मिळून छेद हाच त्या चलाचा टाइप मानायचा. एवढ्या बदलाने बाजू पालटते. नियम योग्य निवडले तर टाइप मिळणे आणि पद थांबणे या दोन गोष्टी तंतोतंत एक होतात. टाइप असेल तर पद थांबते, आणि पद थांबत असेल तर त्याला टाइप असतोच.

आता मूळ मुद्द्याकडे येते. जुन्या छेद-टाइपमध्ये ‘अ आणि अ’ म्हणजे नुसता ‘अ’ च. पुढे फिलिपा गार्डनर यांनी १९९४ मध्ये, असाफ कफूरी यांनी २००० मध्ये आणि विशेष करून दानिएल द कार्व्हाल्यो यांनी २००७ च्या प्रबंधात हे समीकरण सोडून दिले. त्यांच्याकडे दोनदा ‘अ’ म्हणजे दोनदाच. संचाऐवजी बहुसंच आला, म्हणजे अशी यादी, जिच्यात क्रमाला महत्त्व नाही पण नग मोजले जातात. यामागे झाँ-इव्ह जिरार यांच्या १९८७ च्या लिनियर लॉजिकची प्रेरणा आहे, कारण तिथे एखादे गृहीत किती वेळा वापरले याचा हिशेब ठेवावाच लागतो.

मला हा फरक उमगला तो घरातल्या पुरुमेंतावरून. मे महिन्यात आई पावसाळ्याची बेगमी करते. ‘मीठ, मिरची, सोलां, सुके बांगडे’ एवढेच लिहिले तर घरात काय हवे ते कळते. पावसाळा त्यावर निभेल का हे मात्र नगांची संख्या लिहिल्याखेरीज कळत नाही. जुना छेद-टाइप ही पहिली यादी आहे आणि बहुसंचाचा टाइप ही दुसरी.

‘जोड तेच’ वर हे करून पाहू. अ हा मूळ टाइप घ्या आणि ‘[अ] → अ’ याला क म्हणा. चौकटी कंसात बहुसंच आहे. बाणाच्या डावीकडे फंक्शनला दिलेल्या वस्तूचे टाइप असतात आणि उजवीकडे उत्तराचा टाइप. ‘तेच’ ला क हा टाइप मिळतो, आणि तसाच ‘[क] → क’ हाही मिळतो. ‘जोड’ मधल्या पहिल्या क्ष ला ‘[क] → क’ दिला आणि दुसऱ्याला क दिला, की ‘जोड’ चा टाइप ‘[[क] → क, क] → क’ असा होतो. त्याला दिलेल्या ‘तेच’ चे टाइप या यादीप्रमाणे दोनदा सिद्ध करावे लागतात. पद बनवण्याच्या तीन रीतींसाठी टाइप देण्याचा एकेक नियम असतो, आणि ते नियम एकावर एक रचले की सिद्धतावृक्ष होतो. इथल्या संपूर्ण वृक्षात चलाचा नियम ४ वेळा, लॅम्डाचा ३ वेळा आणि लावण्याचा २ वेळा येतो, म्हणजे एकूण ९. एक पायरी चालवली की ‘तेच तेच’ उरते आणि वृक्ष ५ चा होतो. आणखी एक पायरी चालवली की नुसते ‘तेच’ उरते आणि वृक्ष २ चा होतो. प्रत्येक पायरीला वृक्ष आकसतो, आणि आकसणाऱ्या पूर्णांकाला कुठेतरी थांबावेच लागते. टाइप मिळालेले पद थांबते याची सिद्धता एवढीच आहे. जुन्या छेद-टाइपसाठी विल्यम टेट यांची १९६७ ची रिड्युसिबिलिटीची अवघड रीत लागत असे. इथे नववीतल्या मुलीलाही समजेल असा युक्तिवाद पुरतो, आणि मला यात फार मोठे सौंदर्य दिसते.

म्हणून माझे म्हणणे असे की मोजणाऱ्या छेद-टाइपमध्ये टाइपचा वृक्ष म्हणजे त्या पदाच्या चालण्याची नोंदवहीच आहे, आणि वृक्षाचा आकार म्हणजे पायऱ्यांची संख्या.

झुवारी:

कुशावती, मांडणी स्वच्छ आहे, पण शेवटचे वाक्य जसे लिहिले आहे तसे बरोबर नाही, आणि ते दुरुस्त केल्याखेरीज पुढे जाऊ नये. तुमच्याच उदाहरणात वृक्ष ९ चा आहे आणि पायऱ्या २ आहेत. एका पायरीला वृक्ष किती आकसतो ते पाहा: लावण्याचा एक नियम जातो, लॅम्डाचा एक जातो, आणि जितक्या वेळा तो चल वापरला होता तितके चलाचे नियम जातात. पहिल्या पायरीला क्ष दोनदा वापरला होता, म्हणून ९ चे ५ झाले. दुसऱ्या पायरीला य एकदाच वापरला होता, म्हणून ५ चे २ झाले. संपूर्ण आकार ही पायऱ्यांची वरची मर्यादा आहे, नेमकी संख्या नव्हे.

नेमकी संख्या हवी असेल तर फक्त लावण्याचे नियम मोजावेत. हेड रिडक्शनमध्ये, म्हणजे नेहमी पदाच्या शीर्षस्थानी असलेलीच पायरी घेताना, ती जागा वृक्षात एकदाच येते, त्यामुळे प्रत्येक पायरीला लावण्याचा बरोबर एक नियम कमी होतो. तुमच्या उदाहरणात ते नियम २ आणि पायऱ्याही २, असा मेळ बसतो. मात्र हा मेळ बसण्याचे कारण म्हणजे शेवटचे पद ‘तेच’ आहे आणि त्याच्या वृक्षात लावणे मुळीच नाही. शेवटी ‘य प फ’ असे पद उरले असते, तर त्यातली न चालणारी दोन लावणीही मोजली गेली असती. म्हणजे मोजणीत पायऱ्या आणि शेवटच्या रूपाचा आकार या दोन गोष्टी मिसळलेल्या असतात.

हे मिश्रण वेगळे करण्याचे काम बेनियामिनो अक्कातोली, स्तेफान ग्रॅहॅम-लेंग्रां आणि देलिया केस्नर यांनी २०१८ मध्ये केले. त्यांनी काही खास स्थिरांक-टाइप घेतले. जे लावणे पायरीत खर्च होणार आहे त्याचा नियम वेगळा, आणि जे शेवटच्या रूपात टिकून राहणार आहे त्याचा वेगळा. मग घट्ट बसणाऱ्या वृक्षावर दोन आकडे मिळतात, एक पायऱ्यांचा आणि दुसरा उरलेल्या रूपाच्या आकाराचा, आणि दोन्ही तंतोतंत असतात. तुमच्या पुरुमेंताच्या भाषेत सांगायचे तर पावसाळ्यात संपलेले आणि चवथीनंतर फडताळात उरलेले हे दोन रकान्यांत लिहिले.

कुशावती:

झुवारी, दुरुस्ती मान्य आहे. मी वरची मर्यादा आणि नेमकी संख्या यांची गल्लत केली होती. सर्वांनी माझे ते वाक्य ‘वृक्षातली लावणी म्हणजे पायऱ्या अधिक शेवटच्या रूपातली लावणी’ असे वाचावे.

म्हादई:

मी उच्च माध्यमिकला गणित शिकवते, लॅम्डा कॅल्क्युलस माझ्यासाठी नवे आहे. वाचताना एक शंका आली, तिच्यामुळे सगळा डोलाराच डळमळतो असे वाटते. टाइप मिळणे आणि पद थांबणे या एकच गोष्टी असतील, तर १९३६ च्या सिद्धांतानुसार एखाद्या पदाला टाइप मिळेल का हेही ठरवता येणार नाही. त्यातून टाइप शोधायचा तर मला वाटते पद आधी चालवूनच पाहावे लागेल. ‘जोड’ मधल्या क्ष ला ‘[क] → क’ आणि क द्यायचे हे कुशावतींना कसे सुचले? पद कुठे थांबते हे त्यांना माहीत होते म्हणूनच ना? पावसाळा संपल्यावर पुरुमेंताची यादी लिहिली तर ती अचूक येणारच. मग आपल्याला नवीन काय कळले?

कुशावती:

म्हादई, आपली शंका अगदी मुळावर बोट ठेवणारी आहे, आणि तिचा पूर्वार्ध मी कोणतीही पळवाट न काढता मान्य करते. टाइप शेवटाकडूनच लिहिले जातात. थांबलेल्या रूपाला टाइप देणे सोपे असते. मग एकेक पायरी उलट जात, आधीच्या पदालाही तोच टाइप मिळतो हे दाखवायचे. याला सब्जेक्ट एक्स्पान्शन म्हणतात, आणि ‘थांबणाऱ्या प्रत्येक पदाला टाइप असतो’ ही अर्धी बाजू त्यावरच उभी आहे. म्हणून ही पद्धती कंपायलरमध्ये बसवायची गोष्ट नाही. ती चालण्याचा अभ्यास करण्याचे साधन आहे.

तरीही नवीन काही कळतेच. यादी पावसाळा संपल्यावर लिहिली असली, तरी ‘जोड’ ची यादी आणि ‘तेच’ ची यादी या दोन स्वतंत्र याद्या आहेत. ‘जोड’ ला दिली जाणारी वस्तू कोणती हे त्याच्या टाइपमध्ये कुठेच लिहिलेले नाही, तर फक्त ती कशी आणि किती वेळा वापरली जाईल एवढेच लिहिलेले आहे. द कार्व्हाल्यो यांचे म्हणणे नेमके हेच होते. दोन पदे प्रत्येकी आपापल्या अंतिम रूपात असतील आणि त्यांचे सगळे टाइप हाती असतील, तर एक दुसऱ्याला लावल्यावर किती काम होईल हे, ते न लावताच, याद्या जुळवून काढता येते. पदाचा अर्थ आणि पदाचे चालणे या एरवी दोन वेगळ्या दालनांत ठेवलेल्या गोष्टी इथे एका यादीत येतात.

साळ:

मी वेर्ण्याला सॉफ्टवेअरचे काम करतो. आम्ही रोज वापरतो त्या बहुतेक भाषा फंक्शनला दिलेली वस्तू आधी पूर्ण चालवतात आणि मगच आत पाठवतात. आपण सांगितलेल्या पद्धतीत वस्तू जशीच्या तशी आत जाते. ‘(लॅम्डा क्ष. य) ओमेगा’ घ्या. ओमेगा म्हणजे ‘जोड जोड’, जे कधीच थांबत नाही. आपल्या रीतीने हे पद एका पायरीत य देते, माझ्या भाषेत ते कायमचे अडकते. मग टाइप कोणाच्या बाजूने बोलतो?

झुवारी:

ज्या रीतीसाठी नियम घडवले असतील तिच्या बाजूने. वस्तू न चालवता आत पाठवण्याच्या रीतीला कॉल बाय नेम म्हणतात, आणि आधी चालवण्याच्या रीतीला कॉल बाय व्हॅल्यू. या दोन्हींचा काटेकोर अभ्यास गॉर्डन प्लॉटकिन यांनी १९७५ मध्ये केला. कुशावतींनी दिलेले नियम पहिल्या रीतीचे आहेत. आपल्या पदात ‘लॅम्डा क्ष. य’ चा टाइप ‘[ ] → अ’ असा होतो. बहुसंच रिकामा आहे, म्हणून ओमेगाला एकदाही टाइप द्यावा लागत नाही, आणि संपूर्ण पदाला टाइप मिळतो. दुसऱ्या रीतीसाठी नियम बदलतात. तिथे तोमा एरार यांच्या २०१२ च्या पद्धतीत बहुसंच हा मूल्याचाच टाइप असतो, आणि रिकामा बहुसंच म्हणजे ‘चालवून मूल्य तर मिळाले, पण ते कुणी वापरले नाही’. ओमेगाचे मूल्य कधीच मिळत नसल्यामुळे त्याला तो रिकामा टाइपही मिळत नाही, आणि आपले पद टाइपविना राहते. कोणत्याही वाटेने गेले तरी पद थांबेल, अशी भक्कम हमी हवी असेल, तर टाकून दिल्या जाणाऱ्या वस्तूलाही निदान एक टाइप हवाच असा नियम करावा लागतो. छेद-टाइप आणि भक्कम थांबणे यांचे नाते गॅरेल पॉटिंजर यांनी १९८० मध्ये दाखवले.

तेरेखोल:

तिसरी रीतही इथे आणायला हवी, कारण टाइपचा सर्वांत सुंदर उपयोग मला तिथेच दिसतो. वाटण आधीच वाटून ठेवायचे ही एक रीत, मग ते लागो वा न लागो. प्रत्येक कालवणाला नव्याने वाटायचे ही दुसरी. पहिल्यांदा लागेल तेव्हा वाटायचे आणि उरलेले पुढच्या कालवणासाठी ठेवायचे ही तिसरी, म्हणजे कॉल बाय नीड. क्रिस्टोफर वॉड्सवर्थ यांच्या १९७१ च्या प्रबंधात ती आढळते, आणि हॅस्केल भाषेची अंमलबजावणी याच विचारावर उभी आहे. पहिल्यांदा लागेल तेव्हा वाटून ठेवण्याच्या रीतीने थांबणारी पदे आणि पुन्हा पुन्हा वाटण्याच्या रीतीने थांबणारी पदे एकच आहेत, हे वरवर उघड वाटते. पण त्याच्या आधीच्या सिद्धता लांबलचक होत्या, कारण वाटून ठेवलेल्या वस्तूंची पदात नोंद ठेवत दोन्ही रीतींच्या पायऱ्या एकमेकींशी जुळवाव्या लागत. केस्नर यांनी २०१६ मध्ये वेगळी वाट धरली. कॉल बाय नेमची मोजणाऱ्या छेद-टाइपची पद्धती घेतली, आणि तिच्यात टाइप मिळणे म्हणजेच कॉल बाय नीडने थांबणे हेही सिद्ध केले. मग दोन रीतींची पायरीगणिक तुलना करण्याची गरजच उरत नाही, कारण दोन्ही एकाच तिसऱ्या गोष्टीशी जुळतात.

म्हादई, आपण विचारले होते की नवीन काय कळते. मला वाटते हे त्याचे दुसरे उत्तर आहे.

म्हादई:

आभार. आता शंका दुसरीकडे वळली आहे. कुशावतींच्या उदाहरणात क्ष चे दोन टाइप वेगवेगळे होते, ‘[क] → क’ आणि क. म्हणजे जुन्या, न मोजणाऱ्या छेद-टाइपमध्येही ते दोन दोनच राहिले असते. नग मोजण्याची गरज त्या उदाहरणात कुठे दिसली?

कुशावती:

आपण अचूक पकडले. माझे उदाहरण त्या कामाला अपुरे होते. चर्च यांचा दोनचा आकडा घेते: ‘दोन’ म्हणजे ‘लॅम्डा फ. लॅम्डा क्ष. फ (फ क्ष)’. आता ‘दोन (तेच तेच) तेच’ हे पद कॉल बाय नेमने चालवा. फ च्या जागी ‘तेच तेच’ आले, क्ष च्या जागी ‘तेच’ आले, या दोन पायऱ्या. मग ‘(तेच तेच) ((तेच तेच) तेच)’ उरते, आणि ते ‘तेच’ वर पोहोचायला आणखी चार पायऱ्या लागतात. एकूण सहा.

टाइपमध्ये फ दोन्ही जागी ‘[क] → क’ आहे, तोच टाइप दोनदा. मोजणाऱ्या पद्धतीत ‘तेच तेच’ साठी दोन वृक्ष लागतात आणि प्रत्येकात लावण्याचा एक नियम असतो. फ (फ क्ष) मधली दोन लावणी आणि बाहेरची दोन धरून बेरीज सहा होते. न मोजणाऱ्या पद्धतीत दोन सारखे टाइप एकच होतात, ‘तेच तेच’ चा एकच वृक्ष पुरतो, आणि बेरीज पाच येते. एक पायरी हिशेबातून निसटते.

साळ:

पण पाच हा आकडा मला ओळखीचा वाटला, म्हणून कागदावर मांडून पाहिले. ‘तेच तेच’ आधी एकदाच चालवून ठेवले, तर हे पद बरोबर पाच पायऱ्यांत संपते, मग ते आमच्या भाषांच्या रीतीने असो किंवा तेरेखोल म्हणतात त्या वाटून ठेवण्याच्या रीतीने असो. मग न मोजणारा छेद-टाइप ही चूक नसून तो कॉल बाय नीडचीच मोजणी करतो, असे म्हणता येईल का?

तेरेखोल:

कल्पना मोहक आहे, आणि मीही एकदा याच वळणावर थांबलो होतो, पण ती टिकत नाही. ‘जोड (तेच तेच)’ घ्या. वाटून ठेवण्याच्या रीतीने तीन पायऱ्या होतात: क्ष ला वस्तू बांधणे, ती एकदा चालवणे, आणि मिळालेले ‘तेच’ लावणे. न मोजणाऱ्या पद्धतीत मात्र क्ष चे टाइप वेगवेगळे आहेत, म्हणून ‘तेच तेच’ चे दोन वृक्ष लागतात आणि बेरीज चार येते. ती कॉल बाय नेमच्या चार पायऱ्यांशी जुळते, नीडच्या तिनांशी नाही. दोन सारखे टाइप एकत्र करणे आणि एक वस्तू एकदाच चालवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. नीडची नेमकी मोजणी करणारी पद्धती अक्कातोली, जुलिओ ग्वेर्रिएरी आणि माइको लेबेर्ले यांनी २०१९ मध्ये दिली. तिच्यात टाकून देण्याचे शहाणपण नेमकडून घेतले आहे आणि एकदाच चालवण्याचे व्हॅल्यूकडून.

झुवारी:

एक इशारा देतो. पायऱ्या मोजणे म्हणजे वेळ मोजणे, हे आपण गृहीत धरत आहोत. एका पायरीत कितीही मोठ्या वस्तूच्या कितीही प्रती निघू शकतात, आणि काही पदे थोड्या पायऱ्यांत अफाट मोठी होतात. तरीही पायऱ्यांची संख्या हे रास्त माप आहे, म्हणजे ट्युरिंग यंत्राच्या, अर्थात संगणकाच्या मूळ गणिती प्रतिरूपाच्या, वेळेशी तिचे नाते बहुपदी राहते. हे अक्कातोली आणि उगो दाल लागो यांनी हेड रिडक्शनसाठी २०१२ मध्ये आणि सर्वांत डावीकडून, बाहेरून जाणाऱ्या रिडक्शनसाठी २०१४ मध्ये दाखवले. पद उघडून न लिहिता त्यातले समान भाग एकदाच लिहून सामायिक ठेवले तर ते साधते. ही सिद्धता हाती नसती, तर आपल्या वरच्या सगळ्या बेरजा नुसत्या बेरजाच राहिल्या असत्या.

म्हादई:

‘तीन (तेच तेच) तेच’ मी आज दुपारी दोन्ही बाजूंनी करून पाहिले. ‘तीन’ मध्ये फ तीनदा येतो. वृक्षात आतली तीन लावणी, बाहेरची दोन, आणि ‘तेच तेच’ च्या तीन वृक्षांतली तीन, मिळून आठ. मग वृक्ष बाजूला ठेवून पद नेमच्या रीतीने हाताने चालवले. आठव्या पायरीला ‘तेच’ उरले.